मला गाडी लागते

ओळंबा हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जो लोखंडी गोळा सोडतो, तो ओळंबा. गॅरेजच्या मालकाने एकदा चिडून त्याला ही पदवी दिली आणि ती त्याला अशी घट्ट बसली, की पुढे पगाराच्या पाकिटावरसुद्धा तेच लिहून येऊ लागलं. त्याचं काम होतं गाड्यांची चाकं सरळ करण्याचं. खड्ड्यात आपटून, फुटपाथवर चढून किंवा स्वतःच्याच फाटकाला धडकून ज्या गाड्यांची चाकं फेंगडी होतात, त्या त्याच्यापुढे यायच्या. तो एक डोळा मिटून चाकाकडे बघायचा आणि मशीनवर आकडे उमटायच्या आधीच "डावं बाहेर बघतंय" म्हणून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा मशीन तेच सांगायचं. नाही सांगितलं, तर तो दिवसभर मशीनशी बोलायचा नाही.

माणूस कामात सरळ असला की कौतुक होतं. बोलण्यात सरळ असला की घरच्यांचे हाल होतात. एका गिऱ्हाइकाने "गाडी जरा बघून ठेवा" असं सांगितलं, तर ह्याने ती बघितली आणि ठेवली. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा "बघितली" एवढं सांगून किल्ली त्याच्या हातात दिली. त्याची थोरली बहीण, जिला तो आणि सगळी गल्ली ताई म्हणायची, तिने एकदा बजावलं होतं, "पाहुणे आले की जरा हसत जा रे." पाहुणे आले, हा हसत राहिला, पाहुण्यांनी त्यांच्या काकांच्या आजारपणाचा विषय काढला तरी हसत राहिला. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत.

अशा माणसाचं लग्न ठरवायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. ताईने ते अंगावर घेतलं. चष्म्याच्या दुकानात कामाला असलेली एक मुलगी तिने हेरली आणि दोघांची एका छोट्या कॉफीच्या दुकानात गाठ घालून दिली. निघताना तिने भावाला ताकीद दिली, "खोटं बोलू नकोस. पण विचारल्याशिवाय खरंही बोलू नकोस." त्यामुळे ओळंबा पहिली कॉफी संपेपर्यंत गप्पच होता. मुलीला ते आवडलं. दिवसभर "हे बरं दिसतं की मघाचं?" असं लोकांना विचारून भिंगं बदलणाऱ्या बाईला गप्प माणूस म्हणजे सुट्टीच.

"एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी," ती म्हणाली. "मागाहून तक्रार नको. मला गाडी लागते."

तुम्हाआम्हाला ह्यातलं सगळं समजलं. वळणावर पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं आणि खिडकी उघडेपर्यंत धीर निघत नाही, ते हे लागणं. ओळंब्याला हा अर्थ माहीत नव्हता असं नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या कानावर काय पडायचं? "साहेबांना उद्या गाडी लागते." "आम्हाला शुक्रवारी गाडी लागते, काहीही करा." गॅरेजमधल्या माणसाला गाडी लागते ती अशी, आणि पोटातला अर्थ त्याच्या डोक्यात कुठेतरी मागच्या सीटवर झोपलेला असतो.

"लागणारच," तो म्हणाला. "कुणाला लागत नाही? मलाही लागते."

"तुम्हाला?" तिचे डोळे मोठे झाले. "पण तुम्ही तर गाड्यांतच काम करता!"

"म्हणून तर रोज लागते."

"रोज! अगं बाई. आणि छोटी गाडी असली तरी?"

"छोटीच बरी," तो म्हणाला. "दोघांना मोठी काय करायची?"

'दोघांना' ऐकून ती लाजली. आपल्यासारखाच एक पीडित जीव भेटला, जन्मात कधी "चल, फिरायला जाऊ" म्हणणार नाही, ह्या आनंदात तिने पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्यापुढे धरली. ती गाडीच्या आजारावरची गोळी होती. ओळंब्याला वाटलं, तोंड गोड करतेय. त्याने ती लगेच खाल्ली आणि लग्न ठरलं.

"काय म्हणाली?" ताईने घरी विचारलं.

"होकार आहे. पण गाडी पाहिजे म्हणते."

ताईने गालावर हात ठेवला. "दिसत नाही रे तशी! अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसाने."

पण ओळंब्याला उलट बरंच वाटलं होतं. गॅरेजच्या मागे वर्षभर एक गाडी उभी होती. दोन दारांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स गाडी. जाणकार तिला कूपे म्हणतात. गॅरेजने तिची कुपी केली होती. एका दातांच्या डॉक्टरने तरुण वाटावं म्हणून ती घेतली आणि तिच्यातून उतरताना कंबर धरल्यावर कायमची सोडून दिली. ओळंबा रोज जेवणाच्या सुट्टीत तिच्यावरची धूळ पुसायचा. आता त्याला कारण मिळालं. साठवलेलं होतं नव्हतं ते ओतून त्याने कुपी घेतली.

सरकारी कचेरीत सह्या करून लग्न झालं. बाहेर आले तर दारात कुपी, धुऊन पुसून, आरशासारखी.

"कुणाची हो ही?" नवरीने विचारलं.

"तुझी. लागते म्हणाली होतीस ना?"

ती पोट धरधरून हसली. तिला वाटलं, वरून सरळ दिसणारा हा माणूस आतून चांगलाच मिश्कील आहे, आणि फोटोपुरतं बसायचं असेल म्हणून ती आत बसली. ताईने बाहेरून दार लावलं. पहिल्या वळणावर तिने त्याचा दंड पकडला. तो सुखावला. दुसऱ्या वळणावर लग्नाची कॉफी, बिस्किटं आणि सकाळचा नाश्ता असं सगळं उलट्या क्रमाने त्याच्या नव्या कोटावर आलं.

"सांगितलं होतं ना मी, मला गाडी लागते म्हणून!" रस्त्याच्या कडेला बसून ती रडत म्हणाली.

"म्हणून तर घेतली!" तोही रडकुंडीला आला होता.

"आणि तुम्ही म्हणालात, मलाही लागते!"

"लागतेच की! कामावर जायला!"

त्याने कोट काढला आणि तो कुठे धरावा ते बघू लागला. मग आधी तिला हसू फुटलं, आणि ती हसतेय म्हणून तोही हसला. नवरा कोट हातात घेऊन आणि नवरी चपला हातात घेऊन, दोघं चालत घरी गेली. कुपी ताईच्या नवऱ्याने आणून दिली.

संसार चांगला झाला. ह्यात काही खोट काढायला जागा नाही. ती चालत कामाला जायची, तो कुपीने. तिचे वडील टेकडीवर राहायचे. शहराला पाणी पुरवणारी मोठी टाकी तिथे आहे, त्या टाकीचे ते राखणदार. तरुणपणी नेमणूक झाली तेव्हा सरकारी ट्रकमधून वर गेले आणि वळणावळणाला असे ओकले, की वर पोचल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता मी खाली येत नाही." आले नाहीत. नोकरी संपली, पाण्याच्या खात्याने दोन खोल्या त्यांच्याकडेच राहू दिल्या, कारण त्यांना खाली कसं आणायचं हे कुणालाच सुचलं नाही. गाडी लागणं ही तिच्या माहेरची इस्टेट होती आणि ती एकुलती वारस होती.

महिन्यातून एकदा दोघं त्यांना भेटायला जायची. ती पाण्याच्या पाइपाशेजारच्या पायऱ्यांनी चढायची. तो घाटरस्त्याने कुपी घेऊन जायचा, शेजारच्या सीटवर तिची पिशवी, पिशवीला पट्टा लावलेला. सासरे मुलीला दारात येऊन घ्यायचे आणि जावयाकडे बघून नुसती मान हलवायचे. गाड्यांचा माणूस म्हटल्यावर त्यांच्या मनात एक अढी होती ती होतीच.

गॅरेजमध्येही ती डबा घेऊन यायची. चाकं सरळ करायची तर कुणीतरी आत बसून स्टिअरिंग डावीउजवीकडे फिरवावं लागतं, गाडी पुढेमागे घ्यावी लागते. मदतनीस जागेवर नसला की ओळंबा तिलाच बसवायचा. "डावीकडे. अजून. येऊ दे, येऊ दे, बस्स." मालक नियमाचा पक्का. लायसन नसलेल्या माणसाने त्याच्या आवारात गाडी हलवायची नाही, म्हणून त्याने तिला लायसनही काढायला लावलं. परीक्षा सपाट मैदानात होती. अशी वर्षानुवर्षं तिने त्या आवारात शेकडो गाड्या पुढेमागे केल्या आणि तिला एकदाही मळमळलं नाही. आवारात कुठली आलीत वळणं, असं दोघांनीही धरून चाललं.

मग वीसेक वर्षांनी तिचा गुडघा गेला.

डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. पहिला महिना चुकला, दुसरा चुकला, बघता बघता वर्ष झालं. फोन होता, पण वडिलांना ऐकू कमी यायचं. ते तिकडून "कोण?" विचारायचे, ती इकडून "मी" म्हणायची, ते "मी म्हणजे कोण?" विचारायचे, आणि ह्या अध्यात्मातच वेळ जायचा. ओळंबा सामान घेऊन एकटा वर जाऊन यायचा, त्याच्याकडे बघून मान हलायची, तो परत यायचा. एके संध्याकाळी फोन ठेवून ती आली आणि गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"मी म्हटलं, बाबा, मी तुमची मुलगी बोलतेय. तर म्हणाले, 'माझी मुलगी फोन करत नाही. ती चालत येते.' आणि ठेवला फोन." तिने डोळे पुसले. "ते मला विसरणार हो. वाट बघत बघत विसरणार."

रात्रभर ओळंब्याच्या डोक्यात तेच. चाकं सरळ करता येतात, गुडघे नाही.

त्याच आठवड्यात गॅरेजच्या मालकाला तातडीने कुठेतरी जायचं होतं, त्याने कुपी मागून घेतली. ओळंबा फाटकाशी उभा राहून बघत होता. कुपी कोपऱ्यावर वळली आणि त्याने सवयीने एक डोळा मिटला. गाडी वळणावर एका अंगाला अशी झुकली, जणू उतरत्या रात्री कुणीतरी झिंगून भिंतीचा आधार शोधत घरी निघालंय. इतकी वर्षं तो आत होता. आपली गाडी वळताना बाहेरून कशी दिसते हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. जगाची चाकं सरळ करणाऱ्याच्या घरची गाडी तिरकी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ एक विचार आला. तिला गाडी लागत नसेलच. तिला हा झोक लागत असेल.

तो कामाला लागला. जुन्या स्प्रिंगा काढल्या, जास्त ताठ आणि थोड्या आखूड बसवल्या. पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो, गाडी एका बाजूला कलली की तो तिला दुसऱ्या बाजूने ओढून धरतो. तो जाड घातला. सांध्यांत बसणारे रबराचे सगळे बुश म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखे मऊ झाले होते, ते बदलले. आणि चारही चाकांना धक्के झेलणारे नवे शॉकअप घातले, ज्यांच्या डोक्यावर एक चकती असते. चकती फिरवली की खट् वाजतं आणि शॉकअप एक खटका कडक किंवा एक खटका मऊ होतो.

गावाला कारण पाहिजे असतं. मालक म्हणाला, "शर्यतीत उतरतोयस का रे ह्या वयात?" शेजारी म्हणाले, केस काळे करायची पाळीही येईल आता. ताईचा फोन आला. "ह्या वयात पुरुष गाड्या का कडक करतात ते मला चांगलं माहीत आहे. कोण आहे ती?"

"बायको," ओळंबा म्हणाला.

"कुणाची?" ताई किंचाळली.

आता प्रश्न होता तपासायचा. ओळंब्याला स्वतःला वळणांनी काहीच होत नव्हतं, म्हणजे तो ह्या कामाला निरुपयोगी. त्याला मळमळणारा माणूस हवा होता. तो गॅरेजमध्येच सापडला. हिशेबनीस. हा सद्गृहस्थ फिरत्या खुर्चीत बसला तरी हिरवा पडायचा, म्हणून त्याला चार पायांची लाकडी खुर्ची दिली होती. ओळंब्याने त्याला सगळं खरं सांगितलं. हिशेबनीस हळवा होता. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "माझ्या ओकारीचा कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. चला."

घाटाच्या पायथ्याशी चार वळणं आहेत, तिथे दोघे रोज जेवणाच्या सुट्टीत जायला लागले. पद्धत ओळंब्याने बायकोच्या दुकानातून उचलली. वळणं घ्यायची, थांबायचं, उतरून चकत्या फिरवायच्या, पुन्हा तीच वळणं घ्यायची आणि विचारायचं, "असं बरं की मघाचं?"

"मघाचं," हिशेबनीस म्हणायचा. "नाही, थांबा. मघाच्या आधीचं."

पहिल्या दिवशी ओळंब्याने उत्साहात सगळे खटके कडक केले. गाडी वळणावर तसूभरही कलली नाही, पण रस्त्यातला प्रत्येक खडा हिशेबनिसाच्या मणक्यात नोंदला गेला आणि तिसऱ्या वळणावर त्याची कवळी निसटून सीटखाली गेली. "कसं वाटतंय?" ओळंब्याने विचारलं. हिशेबनीस कवळीशिवाय म्हणाला, "मळमळत नाही. मळमळायला पोट जागेवर असावं लागतं." मग ओळंब्याने दोन खटके मऊ केलं. मग मागे एक, पुढे तसंच. हिशेबनिसाला आता ह्या कामात गोडी लागली. ऑफिसात कुणी "बरं आहे का?" विचारलं तर तो "डाव्या वळणावर अजून थोडं गरगरतं" असं उत्तर द्यायचा.

एका दुपारी चारही वळणं झाली तरी शेजारून काही उत्तर येईना. ओळंबा घाबरला. बघतो तर हिशेबनीस तोंड उघडं टाकून घोरत होता. जन्मात पहिल्यांदा हा माणूस चालत्या गाडीत झोपला होता. ओळंब्याला इतका आनंद झाला, की त्याने त्याला न उठवता ती वळणं परत एकदा घेतली.

घरी येऊन तो बायकोसमोर उभा राहिला. "गाडी आता कलत नाही. तू बस. आपण बाबांकडे जाऊ."

"हे एवढं सगळं माझ्यासाठी चाललं होतं? ताई मला वेगळंच सांगत होत्या."

"कोट जुना घालतो," तो म्हणाला.

वडिलांसाठी ती विषसुद्धा प्यायली असती, ही तर गाडी होती. रविवारी सकाळी उपाशीपोटी, दोन्ही खिडक्या उघड्या, मुठीत पेपरमिंट आणि मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा, अशी ती कुपीत बसली. ओळंबा अंडी नेत असल्यासारखा निघाला. पहिलं वळण गेलं.

"दुसरं?" तिने डोळे मिटून विचारलं.

"गेलं."

"गेलं?" तिने डोळे उघडले. लग्नानंतर पहिल्यांदा ती दोघं दुसऱ्या वळणाच्या पुढे आली होती. तिने त्याचा दंड पकडला, हसली, आणि तो इतका खूश झाला की त्याला पुढचा रस्ता क्षणभर धुरकट दिसला. पायथ्याची चारही वळणं गेली. पाइपावरचा पूल गेला. अर्धा घाट गेला. तिथे दोन वळणं पाठोपाठ आहेत, लोक त्यांना जुळी म्हणतात. त्यातल्या पहिल्या वळणानंतर ती बोलायची थांबली. दुसऱ्यानंतर तिने पिशवी उघडली.

त्याने गाडी कडेला घेतली. ती कठड्यावर जाऊन बसली, तोंड पांढरंफटक. तो तिच्याजवळ उभा राहिला आणि त्याला भयंकर वाईट वाटलं. एवढे खटके, एवढे बुश, हिशेबनिसाची कवळी, आणि आलो कुठे तर अर्ध्यात.

"मी मागचे अजून एक खटका..."

"गाडीचं काही चुकलं नाही हो," ती म्हणाली. "गाडी सरळच आहे. मीच तिरकी." वर टाकीची पांढरी भिंत दिसत होती. खालून चालत यायला गुडघा नव्हता, वर जायला पोट नव्हतं. धड ना इकडे, धड ना तिकडे. "चला परत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

परत जायचं तर आधी गाडी वळवायला हवी होती. रस्ता अरुंद, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. मागे कुणीतरी उभं राहून सांगितल्याशिवाय ते जमणारं नव्हतं. ओळंबा सवयीने दरीच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि ती सवयीने डोळे पुसून स्टिअरिंगवर जाऊन बसली.

"डावीकडे. अजून. येऊ दे, येऊ दे, बस्स. आता पुढे."

पुढे, मागे, पुन्हा पुढे. कुपी रस्त्यात आडवी झाली, गरकन वळली, आणि नाक खाली करून उभी राहिली. ओळंबा खिडकीशी आला. तिच्याकडे बघतो तर गालांवर रंग परतलेला. एवढी गाडी गरागरा फिरवली आणि बाई ताजीतवानी.

तो थबकला. एक डोळा मिटून त्याने तिच्याकडे बघितलं, चाकाकडे बघतो तसं. मग विचारलं, "असं बरं की मघाचं?"

ती स्टिअरिंगवर हात ठेवून विचार करत राहिली. दुकानातल्या गिऱ्हाइकांना ती जेवढा वेळ द्यायची तेवढा तिने स्वतःला दिला.

"असं," ती म्हणाली. आणि मग, "व्हा बाजूला. मागे कुणी येतंय का बघा. मला परत वळवायचीय."

कुपीचं नाक पुन्हा वर झालं. ओळंबा शेजारच्या सीटवर बसला. ह्या सीटवर आजवर पिशवी बसली होती, हिशेबनीस बसला होता, तो स्वतः कधीच बसला नव्हता. ती निघाली. आवारात शिकलेली बाई, तिला दोनच गोष्टी माहीत होत्या, 'येऊ दे' आणि 'बस्स'. तशीच ती चालवत होती. येऊ दे म्हणून दामटायची, वळण आलं की बस्स म्हणून ब्रेक. पण गाडी तिच्या हाताबरोबर वळत होती, जिथे बघेल तिथे जात होती, कुठेही झुकत नव्हती. "अहो, काय छान वळते हो ही!" ती ओरडली. "मला सांगितलं का नाही कधी?"

येऊ दे म्हटलं की ओळंबा मागे, बस्स म्हटलं की पुढे. दोरीला सोडलेल्या गोळ्याचं होतं तेच त्याचं होत होतं. त्याला आधी घाम आला. मग तोंडाला पाणी सुटलं. मग इतकी वर्षं मागच्या सीटवर झोपलेला तो अर्थ जागा झाला आणि पुढे येऊन बसला.

"अगं," तो क्षीण आवाजात म्हणाला, "मला गाडी लागते."

तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "लागणारच," ती म्हणाली. "कुणाला लागत नाही?" आणि मांडीवरच्या पिशव्या त्याच्याकडे सरकवल्या.

टाकीच्या फाटकाशी म्हातारे उभे होते. दर रविवारी असायचे, पाइपाच्या पायऱ्यांकडे तोंड करून. कुपीचा आवाज त्यांना आला नाही, पण धूळ दिसली, तसे ते वळले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून मुलगी उतरली आणि लंगडत त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिच्या चेहऱ्याला दोन्ही हात लावले, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"चालत आलीस?"

"नाही, बाबा," ती त्यांच्या कानाशी ओरडली, "चालवत आले!"

"हं, चालतच," म्हातारे समाधानाने म्हणाले. "माझी मुलगी चालतच येते." तिने त्यांना घट्ट मिठी मारली आणि दुरुस्ती केली नाही.

मग त्यांची नजर कुंपणाकडे गेली. तिथे जावई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकला होता.

"ह्याला काय झालं?"

"गाडी लागली!"

हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. ते तरातरा कुंपणाशी गेले, जावयाच्या पाठीवरून हात फिरवला आणि शर्टाच्या खिशातून जुन्या कागदात गुंडाळलेली पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या तोंडासमोर धरली. "घे बाबा. इतकी वर्षं बोलला नाहीस? मी म्हणत होतो गाड्यांचा माणूस. तू तर आपल्यातलाच निघालास." ओळंब्याने गोळी घेतली. लग्न ठरलं त्या दिवसानंतर अशी गोळी त्याने खाल्ली नव्हती.

दुपारभर तिघं टाकीच्या सावलीत बसली. म्हातारे जावयाशीच बोलत होते, पोट कसं धरायचं, नजर कुठे ठेवायची. निघायची वेळ झाली तेव्हा ओळंबा उठून कुपीपाशी गेला आणि सवयीने खिसा चाचपला. किल्ली तिच्या हातात होती.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली, "मला गाडी लागते."

ओळंबा सरळ माणूस. एकदा पोळला होता. त्याने विचारून घेतलं, "कोणत्या अर्थाने?"

"तुमच्या," ती म्हणाली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.